फुलफ्रेमवर वाइड सिने लेन्स: १४ घ्यावी की १८वर थांबावं?

खिडकीतली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

काम माहितीपटाचं. कारागिरांच्या छोट्या कार्यशाळा, अरुंद जिने, पोटमाळे अशा जागा. कॅमेरा सोनी ए७ मार्क ४, आणि आजवर एकच २४-७० मिमीची झूम (आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद). भिंतीला पाठ चिकटवून उभी राहिले तरी २४वर माणूस आणि त्याचं यंत्र एका फ्रेममध्ये मावत नाही. आता वाइड प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घ्यायची आहे आणि ती सिने लेन्सच असावी असं मनात आहे, कारण फोकस हातानेच करते. फोटो लेन्सच्या इलेक्ट्रॉनिक रिंगने वात आणलाय. हळू फिरवली तर एक अंतर, झटक्यात फिरवली तर भलतंच.

१४, १५, १६, १८ एवढे आकडे समोर आहेत. सॅमयांग, लाओवा, इरिक्स, सिग्मा, झाइस सगळं वाचून काढलं आणि जास्तच गोंधळले. दोन लेन्स चार दिवस भाड्याने मिळतायत, त्याआधी तुमचे अनुभव सांगा.

सावलीचोर

१४ घ्या, डोळे झाकून. वाइड ते वाइड. नंतर क्रॉप करता येतं, पण जे फ्रेममध्ये आलंच नाही ते कुठून आणणार? माझ्याकडे सॅमयांग १४ टी ३.१ आहे, पाच वर्षं तक्रार नाही.

दोरीवाला

सावलीचोर, लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे हो. बाईंच्या फ्रेममध्ये माणूस आहे, आणि तो कडेला जाणार आहे.

आधी कोन बघा. फुलफ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी. त्यावर आडवा कोन २४ला साधारण ७४ अंश, २०ला ८४, १८ला बरोबर ९०, १६ला ९७, १४ला १०४. म्हणजे २४वरून १८वर आलात तरी १६ अंश हाती लागतात. १८वरून १४वर गेल्यावर आणखी १४ अंश मिळतात, पण त्यांची किंमत वेगळी मोजावी लागते. ती चेहऱ्यांनी मोजायची.

खिडकीतली

म्हणजे डिस्टॉर्शन? लाओवाच्या लेन्सवर 'झिरो-डी' लिहिलेलं असतं. ती घेतली तर प्रश्न मिटेल ना?

दोरीवाला

नाही मिटत, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. 'डिस्टॉर्शन' या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्यात.

पहिली म्हणजे सरळ रेघ वाकडी दिसणं. हा लेन्सचा दोष. सॅमयांगच्या १४मध्ये तो मिशीसारखा लाटदार असतो, मधे फुगीर आणि कडेला उलट वळण. दाराची चौकट फ्रेमच्या कडेला आली की चटकन कळतं. लाओवा १२ टी २.९ आणि १५ टी २.१ इथे खरंच उजव्या आहेत.

दुसरी म्हणजे कडेचा माणूस ताणला जाणं. हा दोष नाही, ही भूमिती आहे. सरळ रेघा सरळ ठेवायच्या ठरवल्या की गोल वस्तू कडेला लंबगोल होणारच. गणितही सोपं आहे. मधल्या अक्षापासून जेवढा कोन, त्याच्या कोसाइनने एकाला भागा. २४च्या आडव्या कडेला कोन ३७ अंश, म्हणजे डोकं उंचीच्या सव्वापट रुंद. १८ला ४५ अंश, १.४ पट. १४ला ५२ अंश, १.६ पट. कितीही भारी काच घ्या, हा आकडा हलत नाही. उलट 'झिरो-डी' जितकी अस्सल, तितका हा ताण चोख मिळतो.

फिशआय याच्या उलटं करते. डोकी बरीचशी गोल राहतात आणि भिंती वाकतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

सावलीचोर

मग माणूस मधे ठेवायचा. साधी गोष्ट.

दोरीवाला

माहितीपटातला माणूस तुमच्या सोयीने मधे बसत नाही. तो हातोडा आणायला उठतो.

बूमधारी

आवाजवाला बोलतोय, मला कुणी विचारत नाही म्हणून स्वतःच तोंड घालतो. १४ लावलीत की माझा बूम (लांब काठीवरचा माइक) फ्रेमच्या वर कुठे धरू ते सांगा. १६:९मध्ये १४चा उभा कोन ७० अंशांच्या वर जातो. बुटक्या खोलीत वर छत दिसतं, खाली तिपाईचा पाय दिसतो आणि मधे माझी सावली. वाइड शॉटला लॅपेल माइक लावून ठेवा नाहीतर आवाज वेगळा घ्या. लेन्स ठरवताना हे कुणाच्या डोक्यात नसतं आणि मग एडिटला 'आवाज लांबून येतोय' म्हणून माझ्या नावाने शिमगा.

खिडकीतली

बूमधारी, हे अगदी लागलं. आवाज मीच घेते, त्यामुळे शिवी द्यायलाही दुसरं कुणी नाही :)

काचपात्र

एक बाळबोध प्रश्न. वाइडमध्ये सगळंच फोकसमध्ये असतं ना? मग सिने लेन्सची लांब फिरणारी रिंग हवीच कशाला? ८मीटरवर ठेवली आणि विसरलो, असं नाही का चालत?

दोरीवाला

प्रश्न बाळबोध नाही, नेमक्या जागी बोट ठेवलंत. १४ मिमी, एफ २.८, आणि पुस्तकातला ०.०३ मिमीचा ठिपका (एवढा पसरलेला ठिपकाही डोळ्याला धारदारच वाटतो) धरला तर हायपरफोकल अंतर येतं साधारण २.३५ मीटर. म्हणजे २.३५वर फोकस ठेवला की १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं धारदार. कागदावर तरी.

पण ०.०३ हा ठिपका छापील फोटो हातात धरून बघण्याच्या हिशेबाचा. ३६ मिमी रुंदीत ३८४० पिक्सेल बसवले तर एकाची रुंदी येते ०.००९४ मिमी. ४केमध्ये ठिपका निम्मा धरणं शहाणपणाचं, आणि निम्मा धरला की हायपरफोकल दुप्पट होतं, ४.७ मीटर. आता जवळची हद्द २.३ मीटरवर आली. पोटमाळ्यावरचा कारागीर बाईंपासून दीड मीटरवर बसलाय. तो मऊ. मागची भिंत धारदार.

छोट्या स्क्रीनवर हे दिसत नाही, हीच तर पंचाईत. वाइडमध्ये पीकिंगवर (धारदार कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्याची सोय) भरवसा ठेवू नका, सगळीकडेच रंग चमकतो.

तिपाई

+१. आणि सिने लेन्सचं खरं सुख रिंगमध्येच आहे. फोटो लेन्सवर दोन मीटर आणि अनंत यांच्यात बोटभर जागा नसते. सिने लेन्सची रिंग १८० ते ३०० अंश फिरते, दोन्ही टोकांना पक्की थांबते, दात ०.८ मॉड्यूलचे असतात त्यामुळे कुठलाही फॉलो फोकस (रिंग फिरवायचं चाक) बसतो. खुणा बाजूला कोरलेल्या. आयरिसला (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी रिंग) टकटक नाही.

बाकी 'सिने' या शब्दाने हुरळून जाऊ नका. सिग्मा सिने १४ टी २ची काच त्यांच्याच फोटोच्या १४ एफ १.८ आर्टमधली. इरिक्स १५ टी २.६ म्हणजे त्यांचीच एफ २.४. काच तीच, अंगरखा नवा. काम त्या अंगरख्याचंच असतं म्हणून पैसे वाया जात नाहीत, एवढंच.

काचपात्र

टी आणि एफ यात नक्की फरक काय? टी ३.१ म्हणजे एफ २.८पेक्षा वाईट लेन्स?

तिपाई

एफ म्हणजे भोकाचं माप, टी म्हणजे पलीकडे प्रत्यक्षात पोचलेला उजेड. एफ २.८ची लेन्स टी ३.१ असेल तर साधारण ८२ टक्के उजेड पोचतोय, बाकीचा काचांमध्ये परावर्तनात आणि शोषणात गेला. वाइडमध्ये काचा जास्त, म्हणून गळतीही जास्त. दोन लेन्समध्ये शॉट जुळवायचा असेल तर टी बघायचा. किती अंतरापासून किती अंतरापर्यंत धारदार दिसेल हे काढायचं असेल तर एफ.

घुबड

वाइड विकत घेण्याआधी तुमचा कॅमेरा काय कापतो ते बघा. ए७ मार्क ४ ४केमध्ये ३० फ्रेमपर्यंत पूर्ण रुंदी वापरतो, पण ६० फ्रेमला सुपर ३५वर (सेन्सरचा मधला छोटा भाग) उतरतो, म्हणजे १.५चा क्रॉप. १८ची झाली २७. १४ची झाली २१. अ‍ॅक्टिव्ह स्टॅबिलायझेशन चालू केलंत की आणखी थोडं कापतो. स्लो मोशन बरंच असेल तर सावलीचोर म्हणतो त्यात तथ्य आहे.

उलट बाजूही सांगतो. यादी बघताना सुपर ३५च्या लेन्स चुकून उचलू नका. लाओवा ९ टी २.९, टोकिना ११-२० टी २.९ या त्यातल्या. फुलफ्रेमचा १६:९ झाकायला ४१ मिमीहून मोठं प्रतिमावर्तुळ लागतं, त्यांचं ३०च्या आसपासचं. चारी कोपऱ्यांत अंधार.

खिडकीतली

स्लो मोशन फारसं नाही. पण हातात धरून बरंच असतं. स्टॅबिलायझेशन लावायचं ना?

घुबड

सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन वाइडवर जपून. मधला भाग स्थिर राहतो आणि कोपरे जेलीसारखे थरथरतात, कारण सेन्सर सरळ रेषेत हलतो आणि कडेची प्रतिमा वेगळ्या वेगाने ताणली जाते. चालत शूट करताना हे फार बोचतं. १८च्या खाली मी बंदच ठेवतो, गिंबल किंवा खांद्याचा रिग.

चालू ठेवणार असाल तर एक काम न विसरता करा. बहुतेक सिने लेन्सला इलेक्ट्रॉनिक टोकं नसतात, कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ कळत नाही. मेन्यूत हाताने भरा. मागच्या शूटची ५० तिथे तशीच राहिली तर १४वर कॅमेरा भूत लागल्यासारखा डोलतो. मी केलंय हे. दोन तासांचं फुटेज.

आजोबांचाकॅमेरा

मी जरा पाल्हाळ लावतो, चालवून घ्या. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसते. कॅनन ईएफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी) ते अंतर ४४ मिमी, पीएल माउंटमध्ये ५२. आता १४ मिमीची लेन्स ४४ मिमी लांबून प्रतिमा कशी पाडणार? त्यासाठी पुढे मोठी ऋण काच बसवून दुर्बीण उलटी केल्यासारखी रचना करावी लागते. पिएर आंजेन्यूने १९५०मध्ये ३५ मिमीची 'रेट्रोफोकस' आणली आणि ते नावच अशा सगळ्या रचनांना चिकटलं. वाइड लेन्सला पुढे टरबुजासारखा डोळा येतो तो यामुळे.

सोनीचं अंतर १८ मिमी. तुम्ही ई-माउंटची म्हणून जी जुनी सॅमयांग १४ घेता, ती एसएलआरचीच लेन्स असते, मागे नळी जोडलेली. हातात घेतलीत की कळेल, कमरेखालचा भाग रिकामा.

माझ्याकडे फिल्मच्या जमान्यातल्या, मागची काच फिल्मला जवळजवळ टेकणाऱ्या वाइड आहेत. फिल्मवर स्वर्ग. डिजिटलवर कोपरे जांभळट आणि चोळामोळा, कारण किरण सेन्सरवर फार तिरके पडतात. त्या वाटेला जाऊ नका.

सावलीचोर

आजोबा, तुम्ही लिहीत राहा. 'कमरेखालचा भाग रिकामा' आज दिवसभर आठवणार.

खिडकीतली (चार दिवसांनी)

लेन्स आल्या, परतही गेल्या. एक १४, एक १८, दोन्ही ईएफ माउंटच्या. बरोबर त्यांनीच दिलेला ईएफ ते ई अ‍ॅडॅप्टर. नावं लिहीत नाही, कारण दोष कुणाचा हे मला अजून कळलेलं नाही.

१८वर जीव जडला. ९० अंश, यंत्र आणि माणूस दोन्ही आत, आणि माणूस उठून कडेला गेला तरी माणूसच दिसतो. १४वर पहिल्याच दिवशी एका काकांचं डोकं भोपळा झालं. दोरीवाला, तुमचा १.६ मी टेपने मोजला नाही, पण मान्य.

आता तक्रार. १४ची फोकसची खूण साफ खोटी निघाली. टेप लावून माणूस बरोबर २ मीटरवर बसवला, रिंग २ मीटरवर, आणि मोठ्या पडद्यावर बघते तर माणूस मऊ, मागची ४ मीटरवरची फळी लखलखीत. लांबच्या इमारतीवर धार शोधली तर ती ४च्या खुणेजवळ मिळाली. त्यापुढे रिंग फिरवली की सगळंच मऊ. १८वर असंच, पण कमी. तिथे इमारत साधारण साडेसहाच्या खुणेवर सापडली. लेन्स खराब होत्या का? विकत घ्यायची तीच १८ आहे म्हणून विचारते.

तिपाई

टेप कुठून लावला? लेन्सच्या तोंडापासून की सेन्सरपासून?

खिडकीतली

कॅमेऱ्यावरच्या वर्तुळ आणि रेघेच्या खुणेपासून. एवढं येतं हो :)

दोरीवाला

बाई, तुम्ही नकळत फार सुंदर चाचणी केलीत. लेन्स दोन्ही चांगल्या आहेत. अ‍ॅडॅप्टर पातळ आहे. किती पातळ तेही तुमच्याच आकड्यांतून निघतं.

अनंतावरून जवळ फोकस आणायला लेन्स पुढे किती सरकावी लागते? फोकल लेंग्थचा वर्ग भागिले अंतर, ढोबळमानाने. १४चा वर्ग १९६. चार मीटर म्हणजे ४००० मिमी. भागाकार ०.०४९ मिमी. आता १८चा वर्ग ३२४, भागिले ६५००. पुन्हा ०.०५ मिमी.

दोन वेगळ्या लेन्स, वेगळ्या खुणा, आणि उत्तर एकच. म्हणजे चूक दोघींना समाईक असलेल्या वस्तूत. एक अ‍ॅडॅप्टर, दुसरा कॅमेऱ्याचा माउंट. दोघांत पैज अ‍ॅडॅप्टरवर लावतो. तो ४४ वजा १८, म्हणजे बरोबर २६ मिमी असायला हवा, तुमचा २५.९५ असणार. हे बरेचदा मुद्दाम करतात. पातळ ठेवला की अनंत नक्की सापडतं आणि गिऱ्हाइकाची तक्रार येत नाही. जाड झाला तर पंचाईत. ०.०५ने जाड असता तर १४ची रिंग शेवटपर्यंत फिरवूनही चार मीटरच्या पुढे फोकस गेलाच नसता.

तुमचं २ मीटरचं कोडंही यातच सुटतं. २ मीटरसाठी लेन्स ०.०९८ पुढे हवी. त्यातले ०.०५ अ‍ॅडॅप्टरने खाल्ले, उरले ०.०४८. ते अंतर चार मीटरचं. फळी लखलखीत.

काचपात्र

थांबा, मग ५०च्या लेन्सवर हे दिसत का नाही? मी असलेच अ‍ॅडॅप्टर वर्षानुवर्षं वापरतोय.

दोरीवाला

५०चा वर्ग २५००. तेवढ्याच ०.०५ने अनंत सरकून ५० मीटरच्या खुणेवर येतं. कोण बघतंय? लोकांना वाटतं वाइड म्हणजे फोकसला माफी. विषयाच्या बाजूला माफी आहे, सेन्सरच्या बाजूला अजिबात नाही. १४वर तीन मीटर ते अनंत एवढं सगळं जग ०.०६५ मिमीत बसलंय. केसाची जाडी.

आजोबांचाकॅमेरा

दोरीवाले, दंडवत. आमच्या वेळी कॅमेरा खात्यात दर शूटआधी माउंट मोजायचे ते उगाच नाही. वाइड झूम असेल तर दुसरं लक्षण दिसतं. लांबच्या टोकाला फोकस बरोबर लावा आणि वाइडला या, सगळं मऊ. लोक लेन्सला शिव्या घालतात.

खिडकीतली

बापरे. म्हणजे उपाय काय? नवा अ‍ॅडॅप्टर?

तिपाई

घट्ट स्क्रूने बसणारा आणि शिमसकट येणारा मिळतो तो घ्या. शिम म्हणजे वर्खासारख्या पातळ धातूच्या चकत्या, ०.०१पासून पुढे. जाडी वाढवत जायची. लांबच्या वस्तूवर धार आणि अनंताची खूण जुळली की थांबायचं. वस्तू खरंच लांब हवी, समोरचा विजेचा खांब नको. आयरिस पूर्ण उघडा ठेवून करा, नाहीतर पुढचं-मागचं बरंच धारदार दिसून चूक झाकली जाते. आणि एक अ‍ॅडॅप्टर एकाच कॅमेऱ्याला वाहून टाका.

त्याहून बरं म्हणजे थेट ई-माउंटमध्येच लेन्स घेणं. निसी अथेना १८ टी २.२ ई-माउंटमध्ये येते. मधली एक सांधणी कमी. झाइस सीपी.३ १८ टी २.९चा माउंट बदलता येतो आणि बदलताना शिम लावायची सोय आहे.

सावलीचोर

मी आत्ता जाऊन माझी १४ तपासली. अनंत सहाच्या खुणेवर. पाच वर्षं तक्रार नव्हती असं वर लिहिलंय ते मागे घेतो.

दोरीवाला

तुमची ई-माउंटची ना? मग नळी तिच्यातच आहे, अ‍ॅडॅप्टरवर ढकलता यायचं नाही. १९६ भागिले ६०००, तीन शतांश मिमी. लेन्सवाल्याकडून शिम करून घ्या, नाहीतर रिंगवर टेप चिकटवून स्वतःच्या खुणा काढा. मी अनेकदा टेपच लावतो.

घुबड

अवांतर: एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) काय लावणार? १८वर व्हेरिएबल एनडी शेवटच्या टप्प्यात काळी फुली दाखवतो. पोलरायझरही बाहेर जपून. आकाशाचा सूर्यापासून ९० अंशांवरचा पट्टा सगळ्यात गडद होतो, आणि तुमच्या फ्रेममध्ये ९० अंश मावतात, म्हणजे निळ्यात डाग पडल्यासारखं. ठरावीक क्षमतेचे साधे एनडी घ्या, मॅट बॉक्समधले ४ बाय ५.६५ असतील तर उत्तम.

खिडकीतली

खोल्यांमध्ये एनडी लागेल एवढा उजेड मिळाला तर मी पेढे वाटीन. पण नोंद केली.

१८ ठरली, थेट ई-माउंटची. आल्यावर पहिलं काम टेप आणि लांबची इमारत. १४ आणि १८चे शेजारीशेजारी फ्रेम उद्या इथेच टाकते, काकांनी भोपळ्यालाही परवानगी दिलीय.

बूमधारी

१८वर मला वर वीतभर जागा सुटते. धन्यवाद.